दादाची जट

परवा नातीनं मला एक कादंबरी वाचायला दिली. शहरातल्या एका पंधरा वर्षांच्या स्वमग्न मुलाची गोष्ट. त्याला काय काय जड जातं, माणसांवर त्याचा विश्वास कसा बसतो आणि कसा उडतो, याची. पुस्तक चांगलं होतं. दोन ठिकाणी मी रडलेही. पण बाकी सगळा वेळ मी त्या पुस्तकाशी भांडत होते. त्यातला मुलगा एकदा ऐकलेलं गाणं पेटीवर जसंच्या तसं वाजवायचा. आमच्या दादाच्या कानावर गाणं पडलं, तर तो कानांत बोटं घालून कडब्याच्या गंजीवर चढून बसायचा. पेटी राहू द्या, त्याला धड टाळी वाजवता येत नव्हती. अशा मुलाकडे काहीतरी जादू असलीच पाहिजे, हा लेखकांचा हट्ट मला कळत नाही. आमच्या दादाकडे कसलीही जादू नव्हती. तरी सगळ्या गावानं त्याला देव केला, तो भाग वेगळा.

तोच सांगते.

आमचं गाव पलूसजवळचं. वडील फौजेत, वर्षातून दोन महिने घरी. घरात आई, पंधरा वर्षांचा दादा, बारा वर्षांची मी आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचं सासर माण तालुक्यात आणि यजमान मुंबईला गिरणीत. बहात्तरच्या दुष्काळात ती तीन शेळ्या घेऊन आमच्याकडे आली. पुढे पाऊस पडला, माणात बाजरी पिकली, पण आत्या काही परत गेली नाही. शेळ्याही तिनाच्या आठ झाल्या. आत्या आईला नुसतं 'आगं' म्हणायची आणि आई तिला 'वन्सं' म्हणायची, यावरून घरात कुणाचं चालत होतं ते कळावं.

'स्वमग्न' हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोहोचला नव्हता. गाव दादाला 'येडं' म्हणे, आई 'भोळा' म्हणे आणि वडील पत्रात 'चिरंजीव' लिहीत. तो फक्त ज्वारीची भाकरी आणि दूध खायचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत. नवा सदरा त्याला टोचायचा, म्हणून आई तो आधी महिनाभर मला घालायला लावायची. माझं सगळं लहानपण दादाचे सदरे मऊ करण्यात गेलं. कुणी पाठीवर थाप मारली तर तो विंचू चावल्यासारखा उडायचा. आणि खोटं त्याला बोलता येत नसे. नुसतं येत नसे असं नाही, माणसं ते कशासाठी बोलतात हेच त्याला कळत नसे.

त्यामुळे त्याचे केस कापणं हा गावातला एक सोहळाच होता. न्हावी वर्षाच्या धान्यावर सगळ्या घरांची डोकी सांभाळायचा. माणसं त्याच्यापुढे पाठ करून, मान खाली घालून बसत. दादाला बसवायला मात्र चार गडी लागत. दोन हातांना, एक पायांना आणि एक नुसता ओरडायला. दादा तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्यानं न्हाव्याच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. न्हावी अंगठा वर धरून आईसमोर उभा राहिला.

"आवं वैनी, माझी बोटं हीच माझी शेती हाय. ती ह्यानं खाल्ली, तर मी काय खाऊ?"

त्या दिवसापासून दादाच्या डोक्याला कुणी हात लावला नाही.

कुणीच नाही म्हणजे, मीसुद्धा नाही. खरं तर घरात त्याचा विश्वास होता तो माझ्यावर. कारण पुढं काय होणार ते मी त्याला आधी सांगायची. "आता पाव्हणं येतील, तीन हायत, एकाचा आवाज मोठा हाय, च्या पितील आन जातील." मग तो पाहुणे येऊन जाईपर्यंत निवांत बसायचा. पण एकदा शाळेत लस टोचायला माणूस आला. दादानं मला विचारलं, "दुखतंय?" माझी लस टोचून झाली होती आणि दंड ठणकत होता. तरी मास्तर मागं उभे होते, रांग खोळंबली होती, आणि मला शहाणी मुलगी व्हायची हौस. मी म्हणाले, "आजाबात न्हाई."

त्यानं दंड पुढे केला. हातपाय धरायला कुणीही नसताना त्यानं आपणहून दंड पुढे केला, हे मला आजही आठवतं आणि आजही लाज वाटते.

तीन दिवस त्याचा दंड सुजला होता. चौथ्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दुखलं." बस्स, एवढंच. रागावला नाही, रडला नाही. पण त्यानंतर माझ्या प्रत्येक शब्दाची तपासणी सुरू झाली. मी म्हणाले, भाकरी झाली, की तो चुलीपर्यंत जाऊन बघून यायचा. मी म्हणाले, आज रविवार, की तो शेजारी जाऊन विचारायचा. मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग एक दिवस गोठ्यात बसून मी पोटभर रडले. शेवटी ठरवलं की आता कुणाशीच खोटं बोलायचं नाही, म्हणजे त्याला कधीतरी पटेल. मास्तरांनी विचारलं, गृहपाठ का केला नाही? मी म्हणाले, कंटाळा आला. त्या महिन्यात मी जितक्या छड्या खाल्ल्या, तितक्या नंतर आयुष्यभर खाल्ल्या नाहीत. आणि दादाला त्याचा पत्ताही नव्हता.

इकडे त्याचे केस वाढत होते. तेल चालत नाही, फणी चालत नाही, आणि बसणं-उठणं कडब्याच्या गंजीवर. दीड वर्षात मानेमागं केसांचा एक जाड गुंता झाला, त्यात कडब्याची पानं, चिपाडं, एक-दोन गोचिड्या. म्हशीच्या शेपटीला चिखल वाळून गोंडा होतो ना, तसा. घरात तो सगळ्यांना दिसत होता, पण रोज बघितलेलं कुणी बघत नाही.

दिवाळीत आत्यानं तो पहिल्यांदा नीट बघितला. शेळीचं दूध काढत होती, ती तशीच उठली, चरवी लवंडली आणि तिनं दादापुढं हात जोडले.

"आगं, ही जट हाय! डोंगरावरल्या आईनं आपल्या घरात पाऊल टाकलंय!"

आता हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कुणाच्या डोक्यात असा गुंता झाला, की तो गुंता नसतो, ती देवीची खूण असते. ती विंचरायची नाही, कापायची तर नाहीच. कापली तर घराला कोप. आणि ज्याच्या डोक्यात जट, तो माणूस देवीचा. फणी फिरवली नाही की काय होतं, हे ज्यांना आपल्या पोरींच्या डोक्याबद्दल पक्कं ठाऊक होतं, त्याच बायका दादापुढे हळदीकुंकू घेऊन उभ्या राहिल्या. काल 'ए येड्या, शेळ्या हाकल' म्हणणारी आत्या आज 'आवं देवा, दूध घ्या' म्हणायला लागली. दादानं दूध घेतलं. त्याला हाक कोणती मारली यात काही फरक वाटला नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी अंगण भरायला लागलं. माणसं पाया पडायला वाकली की दादा गंजीवर पळायचा, आणि माणसं म्हणत, "बघा, देव उच्चावर बसतोय." पहिल्या दिवशी कुणीतरी नारळ फोडला. त्या आवाजानं दादा किंचाळला, "नारळ फोडू नगा!" झालं. आमच्या देवाला नारळ चालत नाही, असा निरोप चार गावांत गेला आणि लोक केळी आणायला लागले. दादा केळं खात नव्हता. ती मी खाल्ली. त्या हिवाळ्यात माझ्या अंगावर थोडं मांस चढलं, ते देवीच्या कृपेनंच म्हणायला हवं.

मग लोक प्रश्न विचारू लागले. एका म्हातारीची शेळी हरवली होती.

"देवा, माजी शेळी कुटं हाय?"

"शेवटाला कुटं बगितलीस?" गंजीवरून दादा.

"वड्याला."

"मग वड्याला बग."

शेळी ओढ्यालाच सापडली. म्हातारी दोन मैल नाचत आली. एका बापानं विचारलं, माझा पोरगा यंदा पास होईल का? दादा म्हणाला, "न्हाई." बाप हादरला. "का वं देवा? कुनाची नजर लागली?" दादा म्हणाला, "त्यो शाळंत येत न्हाई. वडाखाली गोट्या खेळतो." पोराला घरी जाऊन जो प्रसाद मिळाला, त्यानंतर तो खरंच शाळेत यायला लागला, आणि दादाची कीर्ती पार मेढ्यापर्यंत गेली. मी गंजीखाली केळी सोलत बसायची आणि मनात म्हणायची, हे तर कुणीही सांगितलं असतं. पण खरी गोष्ट अशी होती की कुणीही सांगत नव्हतं.

इथपर्यंत मजा होती. पौषात एक जोगतीण आमच्याकडे उतरली, आत्यानं बोलावलेली. दोघी ओट्यावर बसून बोलत होत्या आणि मी आत लसूण सोलत होते. माघ पौर्णिमेला पोराला डोंगरावर न्यायचं, देवीला वाहायचं, हिरवं लुगडं नेसवायचं, हातात परडी द्यायची. आणि मग आत्या म्हणाली, "वरीसभर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या त्याला. जरा वळान लागंल."

माझ्या हातातला लसूण खाली पडला. ज्याला नवा सदरा महिनाभर मऊ करून द्यावा लागतो, त्याला कोरं लुगडं? ज्याला टाळीचा आवाज सोसत नाही, तो परक्या घरी वर्षभर ढोलक-झांजांत? त्याला पाहुणे येणार हे आधी कोण सांगणार? भाकरी आणि दूध वेगवेगळ्या भांड्यांत कोण देणार? मी आईकडे धावले. आई चुलीशी बसली होती. तिनं वडिलांचं पत्र पुढं केलं. त्यात लिहिलं होतं, 'ताईच्या विचारानं घ्यावे.' "देवीच्या पायाशी लेकरू सुदारलं तर?" आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. तिलाही भीती होती. भीती पोराला नेण्याची होती, आणि न नेण्याचीही होती.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी न्हाव्याच्या घरी गेले. सगळं सांगितलं. तो अंगठा चोळत बसला.

"मी जटंला हात लावनार न्हाई, पोरी. मलाबी लेकरंबाळं हायती." मग उठला, माझ्याबरोबर आमच्या घरी आला, आईकडं प्यायला पाणी मागितलं, पाणी प्यायला, आणि जाताना आपली कातर ओसरीच्या कोनाड्यात ठेवली. "मी लय इसरभोळा झालोय आताशा," असं मोठ्यानं म्हणाला आणि निघून गेला. एवढा स्वच्छ विसरलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

आत्या लुगडं-परडी घ्यायला पलूसच्या बाजाराला गेली होती. आईनं कोनाड्यातली कातर बघितली. माझ्याकडं बघितलं. मग तिनं धुतलेलीच धुणी परत पाटीत भरली. "मी नदीला जाती," ती म्हणाली. "मला येळ लागंल."

मी कातर घेऊन गंजीवर चढले.

"दादा, उद्या तुला डोंगरावर नेनार हायत. तितं वरीसभर ठेवनार. आमी कुनी तितं असनार न्हाई."

तो गंजीवरून उतरला, धावत जाऊन आईला पाणंदीत गाठलं, विचारलं आणि परत वर आला. "खरं हाय," तो म्हणाला. माझ्या बातमीला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र.

"जट नसली, तर?" त्यानं विचारलं.

"तर नेनार न्हाईत. बहुतेक."

"बहुतेक?"

"व्हय. मला पक्कं ठावं न्हाई."

तो विचार करत बसला. मग त्यानं मला ज्याची धास्ती होती तोच प्रश्न विचारला. "दुखंल?"

नाही म्हटलं असतं तर काम झटक्यात होणार होतं. जीभ तिथपर्यंत आलीही होती. मी म्हणाले, "केस वढलं तर दुखंल. तू थांब म्हनलास की मी थांबीन."

त्यानं पाठ केली.

पहिली कात्री मारली, कचकन आवाज झाला आणि तो म्हणाला, "थांब." मी थांबले. "दुखलं?" "न्हाई." "मग?" "बगितलं." दुसरी कात्री. "थांब." तिसरी. "थांब." अशी ती दुपार चालली. कातर बोथट, जट दोरखंडासारखी, आणि प्रत्येक तीन केसांना एक थांब. मी जात्याच तापट. एरवी एवढ्या वेळात मी दोनदा गंजीवरून उडी मारली असती. शिवाय देवीचीही भीती होतीच. कातर हातात धरून मी मनातल्या मनात तिची माफी मागत होते. जीभ मात्र दातांत धरून ठेवली होती. त्यानं थांब म्हटलं की थांबायचं, काप म्हटलं की कापायचं. ऊन कलायला लागलं. आता एक बोटभर उरलं होतं.

तेवढ्यात पाणंदीतून आत्याचा आवाज आला. ती कुणाला तरी लुगड्याची किंमत सांगत येत होती. मी कातर पूर्ण उघडून त्या बोटभर उरलेल्या गुंत्यावर ठेवली. एक कचका, की संपलं.

"थांब," दादा म्हणाला.

फाटकाची कडी वाजली. आत्या अंगणात आली होती. मान वर केली की आम्ही दिसणारच. कात्रीत केस होते, माझा अंगठा दाबायच्या बेतात होता. आयुष्यात मला इतकं काही करावंसं वाटलं नसेल, जितकी त्या क्षणी ती दोन पाती मिटावीशी वाटली. उद्या तो डोंगरावर जाईल आणि तो माझ्या थांबण्यामुळे जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी कातर बाजूला घेतली.

दादानं मान वळवली. माझ्या हाताकडं बघितलं, कातरीकडं बघितलं, खाली अंगणात आत्याकडं बघितलं. कधी नव्हे ते माझ्या तोंडाकडंही बघितलं. मग परत पाठ केली. "काप."

जट गंजीवरून घरंगळत आत्याच्या पायाशी जाऊन पडली.

आत्यानं जो टाहो फोडला, त्यानं आठही शेळ्या ओरडायला लागल्या. शेजारपाजार गोळा झाला. आई ओलं धुणं घेऊन धावत आली. "कुनी कापली? आरं, कुनाचा हात झडला?" मी तोंडात उंदीर तयार ठेवला होता. उंदरानं कुरतडली म्हणून सांगणार होते, आणि सगळ्या देवांना विनवत होते की दादानं आज तेवढं गप्प बसावं.

"हिनं," दादा गंजीवरून म्हणाला.

आत्या माझ्याकडे वळली.

"मी सांगितलं म्हनून कापली," दादा पुढं म्हणाला. "मी काप म्हनलं की कापायची. थांब म्हनलं की थांबायची. मीच सांगितलं."

आत्या हळूच म्हणाली, "तुमी सोता सांगितलं, देवा? काप म्हनून?"

"व्हय. लय येळा."

आत्याचे हात आपोआप जोडले गेले. देवीनं दादाच्या तोंडून जट परत मागितली होती. आता कुणाची छाती होती नाही म्हणायची? तिनं ती जट नव्या हिरव्या लुगड्यात गुंडाळली आणि बायका नदीला सोडायला घेऊन गेल्या. मी खुलासा करायला तोंड उघडलं होतं, पण आईनं मला असा चिमटा काढला की त्याचा वण आठवडाभर होता. सत्यवचनी होण्याचे माझे दिवस तिथंच संपले.

अंगण रिकामं झालं. दादा गंजीवरून उतरला, माझ्यासमोर आला आणि न्हाव्यापुढं माणसं बसतात तसा पाठ करून, मान खाली घालून मातीत बसला. जट गेली होती, न्यायचं टळलं होतं, आता केस कापायची काहीच गरज नव्हती.

"ऱ्हायलेलं पन काप," तो म्हणाला.

मी कातर उचलली आणि मला रडूच फुटलं. केस दिसेनात, कातर हलायला लागली, मला ती धरताही येईना. दादानं मागं वळून बघितलं नाही. मान तशीच खाली ठेवली.

"आदी रडून घे," तो म्हणाला. "मी थांबतो."